बालवाडीतील वर्तन आणि मोठ्यांचा शब्द

(रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी ट्रस्टतर्फे चालविल्या जाणाऱ्या बालवाडीच्या पालक-शिक्षक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण. अहवालासाठी ते त्यांनीच लिहून दिले आहे.)



या मेळाव्यात बोलण्यासाठी बालरोगतज्ज्ञांना किंवा एखाद्या शिक्षणतज्ज्ञांना पाचारण करण्याची आपली प्रथा आहे. यंदा ताईंनी ही कामगिरी माझ्यावर सोपविली, तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले, की मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य जमाखर्चाच्या वह्या, औषधखरेदीच्या निविदा आणि ड्यूटीचे तक्ते यांत गेले. लहान मुलांच्या मनाविषयी मी काय बोलणार? त्यावर ताई म्हणाल्या, "साहेब, त्या ड्यूटीच्या तक्त्याविषयीच बोला." त्यांच्या म्हणण्याचा अर्थ माझ्या भाषणाच्या ओघात आपल्या ध्यानी येईल.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर दोन कागद होते. पहिला काही पालकांचा अर्ज. बालवाडीतील चार वर्षांचा एक मुलगा इतर मुलांना चावतो, ढकलतो, खेळणी हिसकावतो, सबब त्याला बालवाडीतून कमी करावे, अशी त्यात विनंती होती. दुसरा कागद माझ्याच हातचा. खर्चकपातीच्या टिपणात मी बालवाडीच्या मदतनीसाचे पद रद्द करण्याची शिफारस केली होती. पंचवीस मुले आणि एक ताई, एवढ्यात काम भागावयास हवे, असा माझा हिशेब होता. अर्जावर मी 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असा शेरा मारला. मुलाचे नाव कमी करा, असाच आमच्या कार्यालयीन भाषेत त्याचा अर्थ होतो. ताई तो कागद घेऊन परत आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "नाव कमी करायला एक मिनिट लागेल. त्याआधी तीन दिवस वर्गात येऊन बसा." मी बसलो.

त्या तीन दिवसांत मी जे पाहिले, त्याने माझा हिशेब चुकला. सकाळी आईचा हात सोडताना एक मुलगी हमसून रडू लागली. "रडू नको, शहाणी ना तू?" असे आपण सारेच म्हणतो. ताई तसे म्हणाल्या नाहीत. त्या तिच्या उंचीला खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आई गेली म्हणून वाईट वाटतंय ना? दुपारी डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की आई येते." मुलीने मान डोलावली आणि थोड्या वेळाने ती आपण होऊन बाहुलीच्या कोपऱ्यात गेली. पलीकडे तीनचाकी सायकलीवरून दोघांची झटापट चालली होती. मदतनीस बाईंनी सायकल काढून घेतली नाही की कोणाला रागावल्या नाहीत. "दोन फेऱ्या तुझ्या, मग दोन फेऱ्या तिच्या. मोजायला मी उभी आहे," असे म्हणून त्या खरोखरच तेथे उभ्या राहिल्या. खेळ थांबवून दुसऱ्या कामाकडे वळायचे असले, की आवराआवरीचे गाणे आधी सुरू होई, म्हणजे मुलांच्या मनाची तयारी होत असे. असे तंटे एका तासात किती मिटले, हे मोजण्याचा मी प्रयत्न केला आणि अखेर मोजणे सोडून दिले. मी ज्याला नुसते 'मुले सांभाळणे' समजत होतो, तेच तेथील खरे अध्यापन होते.

या अध्यापनाला शिक्षणशास्त्रात सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. नाव जड असले तरी आशय सोपा आहे. आपल्याला काय वाटते आहे हे ओळखणे, त्या भावनेला आवर घालणे, समोरच्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज घेणे, मैत्री जोडणे व भांडणानंतर ती पुन्हा सांधणे, आणि दोन गोष्टींतून विचार करून एक निवडणे, अशी ती पाच अंगे आहेत. अक्षरांप्रमाणे याही गोष्टी शिकाव्या लागतात. कोणतेही मूल त्या जन्मतः घेऊन येत नाही. आवर घालण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असते आणि त्या भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. मग चार वर्षांच्या मुलाकडून प्रौढासारख्या संयमाची अपेक्षा कशी धरावी? कॅनडातील संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांच्या मोठ्या समूहांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. माणसाच्या आयुष्यात मारणे, ढकलणे, चावणे यांचे प्रमाण सर्वांत अधिक असते ते साधारण दोन ते चार या वयात, पुढे बहुसंख्य मुलांत ते उतरत जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे मूल मारायला कोणाकडून शिकत नाही, ते हळूहळू न मारायला शिकते. हे वाचल्यावर पालकांच्या अर्जातील 'गुंड प्रवृत्तीचा' हा शब्द मला बोचू लागला. त्या अर्जाला माझा शेरा होता, हे अधिक बोचले.

आपल्या महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. तेथे आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीपर्यंत येईनात. ताराबाईंनी मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द त्याच कार्याची आठवण आहे. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मोठी बहीण शाळेत येऊ शकत नाही, हे दिसताच पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छताखाली आणणारी विकासवाडी उभी राहिली. मुले गुरे राखायला जातात, तर शाळा कुरणात गेली. मूल संस्थेच्या घडीत बसत नसेल, तर प्रथम संस्थेने आपली घडी तपासावी, हा कोसबाडच्या टेकडीचा धडा मी उशिरा शिकलो.

तो कसा शिकलो, ते आता सांगतो. त्या मुलाच्या आईची परवानगी घेऊनच मी हे बोलत आहे. नाव मात्र सांगणार नाही आणि ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनीही ते उच्चारू नये, अशी विनंती आहे.

आपल्या रुग्णालयात रुग्ण खाटेवरून पडला, की आपण एक नोंद करतो. वेळ कोणती, ठिकाण कोणते, त्याआधी काय घडले. ती नोंद कोणाला शिक्षा करण्यासाठी नसते, दुसरा रुग्ण पडू नये यासाठी असते. बालवाडीतही अशी वही ठेवावी, अशी सूचना मी केली. एवढीच काय ती माझी कामगिरी. मुलगा चावला, की वेळ, जागा, समोर कोण होते आणि त्याआधी काय झाले, हे लिहायचे. मुलाविषयीचे मत लिहायचे नाही. सहा आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. बहुतेक साऱ्या डब्याच्या सुट्टीआधीच्या अर्ध्या तासातील होत्या. हे ताईंच्या लक्षात आले आणि डबा अर्धा तास अलीकडे घेण्याचे ठरले. दुसरी गोष्ट मात्र मदतनीस बाईंनी हेरली. ज्यांचे पद मी रद्द करू पाहत होतो, त्याच या बाई. त्या म्हणाल्या, "साहेब, हे दिवस त्याच्या आईच्या रात्रपाळीनंतरचे दिसताहेत." मी ड्यूटीचे तक्ते मागविले. अकरांपैकी नऊ दिवस तसेच निघाले.

त्याची आई आपल्याकडे वॉर्डात आया आहे. वडील कामानिमित्त परगावी असतात. रात्रपाळीच्या दिवशी मूल शेजारच्या वृद्ध आत्याकडे झोपते. आई निघताना सांगते, "सकाळी तू उठशील तेव्हा मी आलेली असेन." पण सकाळची बदली वेळेवर येत नाही. वॉर्डातून निरोप येतो, "आणखी दोन तास थांबा." मूल उठते, आई नसते. पुढे ती धावतपळत येते आणि जागरणाने ताठलेल्या डोळ्यांनी, गणवेशातच त्याला बालवाडीच्या दाराशी सोडते. मुलाची झोप अर्धी, पोट रिकामे आणि मनात आईने शब्द मोडल्याचा राग. अकरा वाजता कोणी त्याच्या हातातील खेळणे ओढले, की त्या साऱ्याचा स्फोट होतो. आईने शब्द मोडला नव्हता. तो आपण मोडायला लावला होता. 'आणखी दोन तास थांबा' या आदेशांच्या खाली दर महिन्याला माझी सही होत होती.

येथे मला एका प्रयोगाचा उल्लेख करावासा वाटतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी केलेला मिठाईचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. समोरची एक मिठाई थोडा वेळ न खाता थांबलास तर दोन मिळतील, असे मुलाला सांगायचे आणि ते किती थांबते हे पाहायचे. जे थांबले ते पुढे यशस्वी झाले, असे त्यावरून सांगितले जाऊ लागले. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासात घरची परिस्थिती लक्षात घेताच हा संबंध बराच क्षीण झाला. परंतु मला अधिक मोलाचा वाटतो तो २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला छोटासा प्रयोग. त्यात अठ्ठावीस मुले होती. निम्म्या मुलांना मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळून दाखविला, उरलेल्यांच्या बाबतीत मोडला. त्यानंतर मिठाईची परीक्षा झाली. ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, इतर मुले केवळ तीन मिनिटे. मुलाच्या संयमात मोठ्यांच्या विश्वासार्हतेचाही वाटा असतो, हे याहून स्पष्ट कसे सांगता येईल? ज्याला थांबून कधी काही मिळाले नाही, त्याने का थांबावे?

विश्वस्त मंडळापुढे मी वर्षानुवर्षे खर्चाची बाजू मांडत आलो आहे, म्हणून तिच्याविषयीही बोलतो. अमेरिकेतील चार ठिकाणच्या ७५३ मुलांविषयी त्यांच्या बालवर्गाच्या शिक्षकांनी १९९१ च्या सुमारास काही नोंदी केल्या होत्या. मूल इतरांना मदत करते का, वस्तू वाटून घेते का, तंटा स्वतः सोडवते का, अशा साध्या नोंदी. ती मुले पंचवीस वर्षांची होईपर्यंत संशोधकांनी पाठपुरावा केला आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या नोंदींत ज्यांना अधिक गुण होते, त्यांनी पदवी मिळविण्याची व पूर्णवेळ नोकरीत असण्याची शक्यता अधिक होती, पोलिसांशी संबंध येण्याची शक्यता कमी. हे मुलाचे भविष्य नव्हे. कमी गुणांचे मूल वाया जाते, असा अर्थ कोणी काढू नये. कारण हे गुण शिकविता येतात. एवढे मात्र खरे, की मदतनीसाचे वेतन मी महसुली खर्चात धरत होतो, ते वास्तविक भांडवली खर्चात धरावयास हवे होते. ज्या वस्तूचा उपयोग पुढील अनेक वर्षे होत राहतो तिला आपण भांडवल म्हणतो, हे मी महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

यानंतर काय केले, तेही अहवालाच्या शिस्तीने सांगतो. मदतनीसाचे पद कायम ठेवले. सहा वर्षांखालील मुले असलेल्या महिला कर्मचाऱ्यांचा ड्यूटीचा तक्ता महिनाभर आधी लावण्यात येतो. रात्रपाळीनंतर त्यांना थांबवायचे असल्यास माझ्या कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते आणि कारण लिहावे लागते. बालवाडीत झोपेसाठी एक शांत कोपरा केला आहे. रात्रपाळीवरून आलेल्या आईच्या मुलाला तेथे निजण्याची मोकळीक आहे. ताईंनी त्या मुलाला "माझी पाळी आहे", "मला नको", "मला राग आलाय" ही तीन वाक्ये शिकविली. चावल्यास आधी दुखावलेल्या मुलाकडे लक्ष द्यायचे, मग त्याला शांत आवाजात, मोजक्या शब्दांत सांगायचे, असा नियम ठरला.

सर्व काही सुरळीत झाले, असे म्हणणे खोटे ठरेल. दिवाळीनंतर तो मुलगा पुन्हा दोनदा चावला. दोन पालकांनी आपली मुले काढून घेतली. त्यांचा मी राग धरत नाही. मुलाच्या दंडावरचे वण पाहिल्यावर कोणत्याही आईबापाला तसेच वाटेल. ज्यांना लहान मुले नाहीत अशा परिचारिकांनी रास्त तक्रार केली, की रात्रपाळीचा भार आता आमच्यावर अधिक पडतो. दर तीन महिन्यांनी आढावा घेऊन आम्ही तो वाटण्याचा प्रयत्न करतो, पण प्रश्न पुरता सुटलेला नाही. बदलीसाठी आयांची दोन राखीव पदे निर्माण झाल्यावाचून तो सुटणारही नाही. मुलगा मात्र आज बालवाडीत आहे. परवा एका मुलीने त्याचा ठोकळा घेतला, तेव्हा त्याने मूठ वळली, ताईंकडे पाहिले आणि मोठ्याने ओरडला, "मला राग आलाय!" सारा वर्ग दचकला. चावला मात्र नाही.

आता पालकांशी थोडेसे हितगुज. आपल्यापैकी काहींचा आग्रह असतो, की बालवाडीत लिहिणे आणि इंग्रजी लवकर सुरू करावे. आपली तळमळ मी समजू शकतो. आपण केलेल्या कष्टांतून मुलांची सुटका व्हावी, हीच त्यामागची भावना आहे. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून तो खेळावर आधारलेला असावा असे म्हटले आहे, आणि प्रारंभिक बालशिक्षणाच्या उद्दिष्टांत अक्षर-अंक ओळखीच्या जोडीने सामाजिक, भावनिक व नैतिक विकासाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. ज्याला पाळीची वाट पाहता येते, ऐकून घेता येते, चुकल्यावर पुन्हा प्रयत्न करता येतो, त्याला अक्षरे पुढे जड जात नाहीत.

घरी करण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. मुलाला सोडताना त्याची नजर चुकवून पळू नका. निरोप घ्या, तो लहान आणि ठाम असावा. पाळता येईल तेवढाच शब्द द्या. ड्यूटी लांबणार असेल तर "मी उशिरा येईन, तोवर आत्या आहे" असे खरे सांगा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मोबाइल व दूरदर्शनसमोरचा वेळ एक तासाच्या आत असावा, असेही त्यांत म्हटले आहे. 'चावरा', 'हट्टी', 'रडकी' अशी विशेषणे मुलाला चिकटवू नका. मूल त्या नावाला जागते. भांडण झाल्यावर बळेच 'सॉरी' म्हणायला लावण्यापेक्षा दुखावलेल्या मुलासाठी पाणी आणायला किंवा पडलेला मनोरा पुन्हा रचायला लावा.

आणि एक वैद्यकीय सूचना, जी आपल्या डॉक्टरांनी मला आवर्जून द्यावयास सांगितली आहे. हाका मारूनही लक्ष न देणारे मूल उद्धट असेलच असे नाही. सर्दीनंतर कानात पाणी साचल्यामुळे त्याला कमी ऐकू येत असू शकते. अशा मुलाला आधी कान-नाक-घसा विभागात दाखवा. नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद नसणे, येत असलेले बोलणे नाहीसे होणे, स्वतःला इजा करून घेणे, अशी लक्षणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना भेटण्यास विलंब करू नका. त्यात कमीपणा नाही.

मान्यवर विश्वस्तहो, २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आपली बालवाडी त्याच्याही आधीपासून चालू आहे, हे आपल्याला भूषणावह आहे. परंतु खोली, खेळणी आणि ताई दिल्या म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आपण समजत होतो. रात्री तीन वाजता परक्याच्या रुग्णाला पाणी पाजणाऱ्या बाईचे मूल सकाळी कोणाची वाट पाहत उठते, हाही आपल्याच हिशेबाचा भाग आहे. म्हणून राखीव आयांच्या दोन पदांचा प्रस्ताव येत्या अंदाजपत्रकात मी स्वतः मांडणार आहे. खर्चकपातीचे टिपण लिहिणारा हाच हात त्या प्रस्तावावर सही करील. आपण तो मंजूर करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

पालकांचा तो अर्ज मी फाइलमध्ये ठेवला आहे. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हा माझा शेरा तसाच आहे. त्याखाली मी पुढे एक ओळ लिहिली : 'कार्यवाही केली. ड्यूटीचा तक्ता बदलला.' हे वाक्य मला लिहावयास लावल्याबद्दल ताईंचा आणि मदतनीस बाईंचा मी ऋणी आहे.